गंधार पंगतीत कसा बसला : कॉर्डच्या घडणीमागचा इतिहास

पेटीवर पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी पाच एकदम दाबली की मेजर कॉर्ड वाजते. मधलं बोट पांढरी तीनवरून काळी दोनवर सरकवलं की तीच मायनर होते. गिटारच्या क्लासात सुरुवातीला शिकवतात ते एवढंच : सा घ्या, एक स्वर सोडा, ग घ्या, एक सोडा, प घ्या. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजल्या तर मेजरमध्ये सा ते ग चार पायऱ्या आणि ग ते प तीन. मायनरमध्ये आधी तीन, मग चार. तीन-तीन झाल्या तर डिमिनिश्ड, चार-चार झाल्या तर ऑगमेंटेड. पाच मिनिटांत पाठ होणारा नियम.

पण युरोपात एकाहून अधिक आवाज मिळून गाण्याची रीत नवव्या शतकापासून लिहून ठेवलेली सापडते, आणि सा-ग-प ही ‘एक वस्तू’ आहे असं तिथल्या शास्त्रकारांनी म्हटलं ते सतराव्या शतकात. मधली सातशे वर्षं लोक अनेक सुरांत गात होते, सुंदर गात होते, पण कॉर्ड नावाची कल्पना त्यांच्याकडे नव्हती. या उशिराचं मोठं कारण मधला स्वर, म्हणजे गंधार.

पायथागोरसच्या परंपरेत सुरांची नाती तारेच्या लांबीवरून मोजत. तार निम्मी केली की वरचा सा, दोन तृतीयांश ठेवली की प, तीन चतुर्थांश ठेवली की म. २:१, ३:२ आणि ४:३. एक ते चार एवढ्या आकड्यांत बसणारी ही नाती तेवढी ‘जुळणारी’. गंधार हवा असेल तर सा-प, प-रे, रे-ध, ध-ग अशा पंचमाच्या चार उड्या मारून यायचं आणि दोन सप्तकं खाली उतरायचं. असं करून मिळतं ८१:६४. एवढा बोजड आकडा कानालाही बोजडच लागतो. त्यामुळे मध्ययुगीन ग्रंथांत सा-प आणि सा-म मानाच्या पाटावर, आणि गंधार कधी बाहेर तर कधी ‘अपूर्ण जुळणारा’ म्हणून ओसरीवर.

आपल्याकडे नाट्यशास्त्रातही संवादी स्वर कोणते, तर ज्यांच्यात नऊ किंवा तेरा श्रुतींचं, म्हणजे सप्तकाच्या बावीस सूक्ष्म भागांपैकी तेवढ्यांचं, अंतर आहे ते. म्हणजे पुन्हा मध्यम आणि पंचम. दोन परंपरांनी आपापल्या वाटेने एकाच जागी रेघ मारावी, याचं मला नेहमी नवल वाटत आलं आहे.

‘म्युझिका एन्किरियादिस’ या नवव्या शतकातल्या ग्रंथात अनेक आवाजांत गाण्याची जी पद्धत सांगितली आहे, ती या रेघेच्या आतलीच. चर्चमधली मूळ चाल एकाने गायची आणि दुसऱ्याने तीच चाल चार किंवा पाच स्वरांच्या अंतरावरून समांतर न्यायची. बाराव्या शतकाच्या अखेरीला पॅरिसच्या नोत्र-दामशी जोडलेल्या पेरोतँच्या रचनांत चार-चार आवाज येतात आणि त्यांची गुंफण थक्क करते. तरी विसावा घ्यायचा तो सा-प वर. मधे ओझरता ग येऊन जातो, पण मुक्कामाला त्याला जागा नाही. आजच्या कानाला हे शेवट पोकळ वाटतात. त्यांच्या कानाला तेच स्वच्छ वाटत.

ओसरीवरून गंधाराला आत आणलं ते इंग्लंडच्या गायकांनी. तिथे तिसऱ्या आणि सहाव्या स्वरांच्या अंतराने जोडीने गाण्याची सवय जुनी होती. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉन डन्स्टेबल या इंग्रज रचनाकाराच्या रचना युरोपच्या मुख्य भूमीवर पोचल्या, आणि १४४०च्या सुमारास मार्तँ ल फ्राँ या कवीने लिहून ठेवलं की फ्रान्सकडच्या नव्या रचनाकारांनी ‘इंग्रजी ढंग’ उचलला आहे. कानाने आधी कौल दिला. आता गणिताने माघार घ्यायची होती.

ती घेतली १५५८मध्ये, व्हेनिसमध्ये. जोसेफो झार्लिनो या संगीतशास्त्रकाराने चारवर थांबलेली पायथागोरसची मोजणी सहापर्यंत नेली. पाच आकडा आत आला की गंधार ८१:६४ ऐवजी ५:४ होतो, म्हणजे ८०:६४. फरक एका चौसष्टांशाचा, पण कान टवकारायला पुरेसा. सा, ग, प मिळून ४:५:६ असं सुबक नातं तयार होतं.

हा ५:४चा गंधार आपल्याला परका नाही. मिरजेचा चांगला तंबोरा नीट जवारी काढून, नीट लावून छेडला की खर्जाच्या तारेतून कुणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तार पूर्ण लांबीने कंप पावते तशीच अर्ध्या, एक तृतीयांश, पाव, एक पंचमांश अशा तुकड्यांतही कंप पावते. पाचव्या तुकड्यातून येतो तो हा ग, आणि तिसऱ्या-सहाव्यातून पंचम. म्हणजे मेजर कॉर्डचा सांगाडा एकाच तारेच्या पोटात असतो. झार्लिनोला हे भौतिकशास्त्र ठाऊक नव्हतं. त्याने आकड्यांच्या श्रद्धेवर मजल मारली. तुकड्यांतून येणाऱ्या या उपस्वरांचा पद्धतशीर अभ्यास जोसेफ सोव्हर या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडला तो १७०१मध्ये.

दरम्यान वाजवणाऱ्यांची बोटं पंडितांच्या पुढे निघून गेली होती. १६०२मध्ये लोदोव्हिको व्हियादानाने छापलेल्या धार्मिक रचनांत ऑर्गनवाल्यासाठी फक्त खालच्या स्वरांची ओळ होती. वरचं त्याने आपल्या समजेने भरायचं. हळूहळू अशा ओळीवर आकडे पडू लागले. ६ म्हणजे खालच्या स्वरापासून तिसरा आणि सहावा घे, ७ असेल तर सातवा मिसळ. आकडा नसला तर तिसरा आणि पाचवा घ्यायचा, हे गृहीत. या ‘गृहीत’ शब्दात सगळं आलं. सा-ग-प ही आता न सांगता वाजणारी गोष्ट झाली होती. रोज हात पडतो त्या वस्तूला नाव लागतंच. १६१२मध्ये योहानेस लिपियुस या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने ते दिलं, ‘त्रयी’. तीन असून एक, म्हणून त्याने तिची तुलना थेट ख्रिस्ती त्रैक्याशी केली. त्याच वर्षी, तिशीही न गाठता, तो वारला.

त्यानंतरची मोठी उडी झां-फिलिप रामोची. चाळिशीला टेकलेल्या या ऑर्गनवादकाचा स्वरसंवादावरचा, म्हणजे हार्मनीवरचा, ग्रंथ १७२२मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला. आकडेवाल्यांच्या लेखी सा-ग-प, ग-प-सां आणि प-सां-गं या तीन वेगळ्या जागा होत्या, तीन वेगळ्या आकड्यांच्या. रामो म्हणाला, तिन्हींचं घराणं एकच. खाली कोणीही बसो, कॉर्डचा मूळस्वर सा. स्वर उलटसुलट रचून पाहा, आणि एकावर एक तिसरे स्वर चढतील अशी मांडणी सापडली की तळाशी असेल तो मूळस्वर. लिपियुसच्या लिखाणात याचं बीज होतं, पण पूर्ण इमारत रामोची. आजही कॉर्ड ओळखायला शिकवतात ती याच रीतीने.

इथे आपल्याकडच्या विद्यार्थ्याची हमखास गल्लत होते. त्याला हे मूर्च्छनेसारखं वाटतं. मूर्च्छनेत ग ला आधारस्वर मानलं की गच सा होतो आणि सगळं चित्र पालटतं. रामोच्या उलटापालटीत ग तळाला गेला तरी सत्ता साचीच राहते.

पुढची पायरी याच मूळस्वरांच्या चालीची. शुद्ध स्वरांच्या सप्तकात प्रत्येक स्वरावर एकाआड एक स्वर चढवत गेलं, तर सा, म आणि प वर मेजर कॉर्ड्स मिळतात, रे, ग आणि ध वर मायनर, आणि नी वर तेवढी डिमिनिश्ड. सा-ग-प, म-ध-सां, प-नी-रें या तिन्हींत सप्तकाचे सातही स्वर येऊन जातात. म्हणूनच तीन कॉर्ड्सवर शेकडो गाणी निभावतात. प-नी-रें वर आणखी एक तिसरा चढवला की वरचा म येतो. आता नी आणि म यांत सहा पायऱ्यांचं अंतर, दोघंही अस्वस्थ. नीला सा गाठायचा असतो, म ला ग वर उतरायचं असतं. दोघं आपापल्या घरी पोचले की सा-ग-प ऐकू येते. युरोपीय संगीतातल्या परतीची बरीचशी जादू या ओढीत आहे.

कौतुकाबरोबर रामोला टोलेही पडले. विचारवंत रूसोला हे स्वरसंवादाचं कौतुक मुळीच पटलं नाही. संगीताचा जीव चालीत असतो, कॉर्ड्सच्या गर्दीत नव्हे, असा त्याचा हट्ट. हा वाद आपल्या एखाद्या संगीत मंडळात जसाच्या तसा रंगला असता! रामोचा खरा कच्चा दुवा मात्र मायनर कॉर्ड हा होता. कोमल गंधार तारेच्या जवळच्या उपस्वरांत सापडत नाही. त्याचं नातं १०:१२:१५, पुन्हा बोजड. रामोने आयुष्यभरात यावर निरनिराळे खुलासे दिले. एकही धड टिकला नाही.

ज्या गंधारासाठी एवढा खटाटोप झाला, त्याच्यावर शेवटी पाणी सोडावं लागलं ते वेगळंच. कुठल्याही पट्टीत कॉर्ड्स वाजायला हव्यात तर सप्तकाचे बारा समान भाग करणं सोयीचं. त्याचं गणित चीनमध्ये झू झाइयूने १५८४मध्ये मांडलं आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत नेदरलंड्समध्ये सायमन स्टेव्हिननेही. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर स्वयंभू गंधार सुमारे ३८६वर येतो, पियानोचा आणि पेटीचा ४००वर. चौदा सेंट चढा. पेटीविरुद्ध आपल्याकडे झालेल्या तक्रारींत हा चढा गंधारही होता. १९४०मध्ये आकाशवाणीने पेटीला दार लावलं, ते पुढे तीन दशकं. पियानोवरची प्रत्येक मेजर कॉर्ड त्याच दोषाने भरलेली असते आणि जगाने ती गोड मानून घेतली आहे.

आपल्याकडे कॉर्ड्स आल्या त्या मुख्यतः गोव्यातून. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत मुलांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. मांडो हा गोव्याचा गीतप्रकार दोन आवाजांत गातात तेव्हा दुसरा आवाज बहुधा पहिल्याच्या तिसऱ्यावरून चालतो, म्हणजे डन्स्टेबलच्या देशबांधवांची तीच आवड. तिथे तयार झालेले वादक मुंबईच्या स्टुडिओंत आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचं वाद्यवृंदसंयोजन करणारे सेबॅस्टियन डिसूझा ही त्यांतली ठळक नावं. गोन्साल्विस यांनी १९५८मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला तो रागसंगीत आणि कॉर्ड्स यांची सांगड घालायला.

ही सांगड किती अवघड, ते स्वर मांडल्याशिवाय कळत नाही. भूप रागात सा रे ग प ध एवढेच स्वर. त्यांतून सा-ग-प आणि ध-सां-गं अशा दोनच कॉर्ड्स निघतात. परतीची ओढ देणारी प-नी-रें करायला नी नाही, आणि घातला तर भूप उरत नाही. मालकंस रागात तर पंचमच नाही, म्हणजे खुद्द सा ची कॉर्डसुद्धा पुरी होत नाही. जमतात त्या म-ध-सां ही मायनर आणि ध-सां-गं ही मेजर, दोन्ही कोमल स्वरांच्या, आणि दोन्हींचा मूळस्वर सा सोडून भलताच. काही संयोजक अशा वेळी गंधार काढूनच टाकतात आणि दोन स्वरांवर भागवतात. रॉकचे गिटारवाले ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात ते हेच, सा-प, नवव्या शतकातलं. मालकंसासाठी तंबोऱ्याची पहिली तार मध्यमात लावतात. तो म-सा कानावर पडला असता तर रामोने, म पासून सा पाचवा म्हणून, मूळस्वर म सांगितला असता. मैफलीत बसलेल्या कुणालाही विचारा, तो सा म्हणेल.