आईकडून गुलामी, बापाकडून गुणसूत्र

मराठीत 'वारसा' हा एकच शब्द आपण जमीनजुमल्यासाठीही वापरतो आणि आईबापांकडून आलेल्या रंगरूपासाठीही. व्हर्जिनिया या अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतीत जॉन वेल्स नावाचा वकील आणि तंबाखूचा मळेवाला 1773 मध्ये वारला, तेव्हा त्याच्या इस्टेटीत हे दोन्ही वारसे समोरासमोर आले. त्याची एक मुलगी वाटणीत वाटेकरी झाली, तर त्याच वर्षी जन्मलेली दुसरी मुलगी त्याच वाटणीत मालमत्ता म्हणून मोजली गेली.

हे घडू शकले ते दोन कायद्यांमुळे. इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे मुलाचा दर्जा बापावरून ठरत असे. एलिझाबेथ की या स्त्रीने आपला बाप इंग्रज असल्याच्या आधारावर व्हर्जिनियाच्या न्यायालयात लढून स्वातंत्र्य मिळवले होते. त्यानंतर काही वर्षांतच, 1662 मध्ये, वसाहतीच्या विधिमंडळाने ही वाट बुजवली आणि मूल गुलाम की स्वतंत्र हे केवळ आईच्या स्थितीवरून ठरेल, असा नियम केला. मालकाने गुलाम स्त्रीपासून मूल जन्माला घातले तर त्याच्यावर बापपणाची कसलीही जबाबदारी येत नव्हती, उलट त्याच्या मिळकतीत भर पडत होती. पुढे 1705 च्या कायद्याने गुलामांना वारशापुरते स्थावर मिळकत ठरवले. कसणाऱ्या हातांवाचून जमिनीला मोल नव्हते, म्हणून माणसे जमिनीबरोबरच वारसाकडे जावीत आणि विधवेला तिसऱ्या हिश्श्याचा हयातीपुरता उपभोग मिळावा, अशी ती योजना होती. मात्र मालकाचे कर्ज थकले की सावकाराला त्याच माणसांवर जंगम मालाप्रमाणे जप्ती आणता येत असे. म्हणजे माणसाला जमीन समजायचे की गुरेढोरे, हे समोर वारस उभा आहे की सावकार, यावर ठरे.

वेल्सची मुलगी मार्था ही पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या टॉमस जेफरसनची पत्नी होती, आणि विवाहित स्त्रीची मालमत्ता तेव्हा नवऱ्याच्या ताब्यात जात असे. जेफरसनने 1774 च्या जानेवारीत आपल्या शेतीच्या वहीत माणसांची यादी केली, तेव्हा त्याच्याकडे मुळात असलेल्या 52 गुलामांत सासऱ्याकडून आलेल्या 135 जणांची भर पडलेली होती. त्या 135 जणांत एलिझाबेथ हेमिंग्ज आणि तिची मुले होती. तिच्यापासून वेल्सला सहा मुले झाली असे हेमिंग्ज कुटुंबात सांगत आले आणि बहुतेक इतिहासकारांनीही ते मान्य केले आहे. त्यांतली धाकटी म्हणजे सॅली, मार्थाची सावत्र बहीण.

वाटणीबरोबर वेल्सचे कर्जही आले. ब्रिस्टलच्या एका व्यापारी पेढीचे मोठे देणे होते, आणि ते फिटण्यापूर्वीच जावयांनी मिळकत वाटून घेतल्याने ते त्यांच्या अंगावर आले. जेफरसनने आधी जमीन विकली आणि मग माणसे. 1784 ते 1794 या दहा वर्षांत त्याने विकून किंवा भेट देऊन 161 जण हातावेगळे केले.

वंशाचे गणित जेफरसनला चांगले कळत होते. 1815 मधील एका पत्रात त्याने चक्क बीजगणिताची अक्षरे मांडून कोणत्या पिढीत आफ्रिकी वंशाचा किती हिस्सा उरतो, हे दाखवले. आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलचा वाटाण्यावरील शोधनिबंध यायला अजून अर्धशतक होते, तरीही प्रत्येक पिढीत सरासरी हिस्सा निम्मा होतो हा त्याचा हिशेब आजही चुकीचा ठरत नाही. हाच हिशेब त्याच्या घराला लावला तर एलिझाबेथ हेमिंग्जकडे अर्धा, सॅलीकडे पाव आणि सॅलीच्या मुलांकडे एक अष्टमांश हिस्सा येतो. व्हर्जिनियाच्या तेव्हाच्या कायद्यानुसार एक चतुर्थांशापेक्षा कमी हिस्सा असलेला माणूस गोरा ठरे. पण असा माणूस स्वतंत्र ठरत नाही, कारण त्याचा दर्जा आईवर अवलंबून आहे, हेही जेफरसनने त्याच पत्रात लिहिले आहे. सॅलीची मुले कायद्याने गोरी होती आणि कायद्यानेच गुलाम होती. मला ते पत्र फार अस्वस्थ करते, कारण ते लिहिले गेले तेव्हा ही मुले जेफरसनच्याच डोंगरावरच्या घरात वाढत होती.

जेफरसन 1826 मध्ये वारला तेव्हा त्याच्यावर एक लाख डॉलरहून अधिक कर्ज होते. मृत्युपत्राने पाच जण मुक्त झाले, त्यांत सॅलीची मुले मॅडिसन आणि एस्टन होती. पुढल्या जानेवारीतील लिलावासाठी 130 माणसांची जाहिरात झाली. मुक्ततेच्या यादीत नाव असलेला लोहार जो फॉसेट याची पत्नी आणि मुले त्या लिलावात विकली गेली.

सॅलीच्या मुलांचा बाप जेफरसनच का, हा वाद जवळजवळ दोनशे वर्षे चालला. 1998 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यावर जनुकीय पुरावा आला. आपल्या पेशीतील बहुतेक गुणसूत्रांची दर पिढीत सरमिसळ होते, पण वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. जेफरसनचा वैध मुलगा जगला नव्हता, म्हणून त्याच्या चुलत्याच्या पुरुषवंशातील पाच जणांचे नमुने घेतले गेले. त्यांच्या वाय गुणसूत्रावरील 19 खुणांचा दुर्मीळ संच एस्टनच्या पुरुषवंशातील एका वंशजाशी जुळला. जेफरसनच्या ज्या भाच्यांवर त्याच्या घरचे लोक बोट दाखवत होते, त्यांच्या कार घराण्याशी मात्र तो जुळला नाही. या चाचणीने बापाचे घराणे ठरते, व्यक्ती ठरत नाही. परंतु सॅलीच्या प्रत्येक बाळंतपणाच्या नऊ महिने आधी जेफरसन घरी होता, हे त्याच्याच नोंदींवरून दिसते, आणि दोन्ही पुरावे एकत्र ठेवल्यावर बहुतेक अभ्यासकांची शंका फिटली. कायद्याने 1662 मध्ये बापाची जी रेषा खोडली, नेमकी तीच रेषा वाय गुणसूत्राने जपून ठेवली होती.

मॅडिसनच्या बाबतीत असा नमुना मिळाला नाही, कारण बापाकडून मुलाकडे जाणारी त्याची साखळी तुटली आहे. मात्र जेफरसन आपला बाप होता, हे त्याने 1873 मध्ये ओहायोतील एका वृत्तपत्रात स्वतः सांगितले होते. शेतीच्या वहीतली यादी इतिहासकारांनी लगेच पुरावा मानली. त्या यादीतल्या बाईच्या मुलाच्या शब्दाला मात्र सव्वाशे वर्षे थांबावे लागले.