पत्र्यात हजारो भोकं: पंच मारायचा की लेसर फिरवायचा?

आमच्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये दर आठवड्याला एक तरी ड्रॉइंग असं येतं, ज्यातली भोकं मोजायचा कंटाळा येतो. कधी धान्य साफ करायच्या यंत्राची चाळण असते, कधी पॅनेलच्या पाठीमागची हवेची जाळी, कधी ड्रायरचे ट्रे. आणि कोपऱ्यात लिहिलेलं असतं: लेसर कट. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘आता सगळं लेसरवरच होतं ना?’ भोक दोन्हीकडे गोलच दिसतं, म्हणून हा समज पक्का होतो. पण पंचने, म्हणजे भोकाच्या मापाच्या दांड्याने दाबून, पाडलेलं भोक आणि लेसरने कापलेलं भोक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तो फरक बोट फिरवलं की हाताला लागतो.

पंच पत्रा कापत नाही, तोडतो. पंच वरून दाबला जातो तेव्हा आधी कड थोडी आत वळते, म्हणून वरच्या बाजूला भोकाचा काठ गोलसर आणि मऊ लागतो. मग पंच पत्र्यात शिरतो आणि तेवढ्या भागात भोकाची भिंत चकचकीत होते. त्यानंतर उरलेली जाडी एकदम फाटते. तो भाग खरबरीत असतो आणि खाली जाताना किंचित रुंदावतो. सगळ्यात खाली उभी राहते ती बर, म्हणजे बोट कापणारी बारीक किनार. पंच आणि डाय (पत्र्याखालचा भोकाचा साचा) यांच्यात किती फट ठेवायची, यावर हे सगळं अवलंबून आहे. साध्या पोलादाला दोन्ही बाजू मिळून जाडीच्या सुमारे २० टक्के फट लागते, ॲल्युमिनियमला थोडी कमी आणि स्टेनलेसला थोडी जास्त. फट कमी ठेवली तर पंच लवकर बोथट होतो, जास्त ठेवली तर बर वाढते.

भोकाचं हे खाली रुंद होणं पुष्कळांना दोष वाटतं. चाळणीसाठी मात्र तो मोठा गुण आहे. पंचची बाजू वर ठेवून चाळण बसवली की दाणा गुळगुळीत काठावरून घसरतो, अरुंद तोंडातून आत जातो आणि पुढे त्याला जागा वाढत जाते, त्यामुळे तो मध्ये अडकून बसत नाही. तीच चाळण उलटी बसवली तर बरीवर दाणे खरचटतात, तुकडे भोकात रुततात आणि तासाभरात निम्मी जाळी बुजते. असा उलटा बसवलेला जॉब मी एकदा पाहिला आहे. मालक भोकाचा व्यास वाढवून मागत होते. आम्ही पत्रा नुसता पालथा केला आणि यंत्र चालू लागलं.

लेसरच्या भोकाची घडण वेगळी असते. किरण आधी एका जागी पत्र्यातून आरपार जातो, तिथून परिघावर येतो, गोल फिरतो आणि जिथून सुरुवात केली तिथे परत येतो. त्या सांध्यावर अगदी लहानसा खाच-उंचवटा राहतो. भिंत जवळजवळ सरळ असते, काठ वळत नाही, आणि सेटिंग बरोबर असेल तर खाली वितळलेला मळही फारसा चिकटत नाही. शिवाय हत्यार बनवावं लागत नाही. फाइल दिली की काम सुरू, आणि आज ५ मिमी, उद्या ५.३ मिमी हवं असेल तर फाइलमधला आकडा बदलला की झालं. लेसर इतका पसरला त्यामागे हा मोकळेपणा आहे, आणि तो खराच आहे.

अडतं ते भोकांच्या संख्येपाशी. एक जाळी घेऊ: दीड मिमी जाड पत्रा, ५ मिमी भोक, दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर ८ मिमी, मांडणी ६० अंशांची, म्हणजे दुसरी ओळ पहिलीच्या फटीत. अशा जाळीचा साधारण ३५ टक्के भाग मोकळा राहतो. २५०० बाय १२५० च्या शीटला चारी कडांना २५ मिमी पट्टी कोरी सोडली तरी भोकं होतात सुमारे ५३ हजार. एका भोकाचा परिघ १५.७ मिमी. म्हणजे एका शीटवर लेसरला ८३० मीटरहून जास्त कापायचं आहे. आरपार जायला प्रत्येक भोकाला सेकंदाचा फक्त दहावा भाग धरला, तरी त्यातच जवळपास दीड तास गेला. कापणं आणि डोकं एका भोकावरून दुसऱ्यावर नेणं वेगळंच. शिवाय इतक्या लहान वर्तुळात यंत्राला आपला पूर्ण वेग गाठताच येत नाही. पातळ पत्र्यात डोकं न थांबता ओळीच्या ओळी पार करते आणि किरण लुकलुकत राहतो, त्या पद्धतीने वेळ बराच वाचतो. पण ८३० मीटर ते ८३० मीटरच.

तीच शीट टरेट पंचवर घाला, म्हणजे फिरत्या चकतीत अनेक पंच बसवलेल्या यंत्रावर. एकेक भोक मिनिटाला ३०० ठोके या वेगाने मारलं तर तीन तास लागतील. इथे फार फायदा दिसत नाही, आणि ‘पंच जलद’ असं डोळे मिटून म्हणणाऱ्यांनी हा हिशेब करून बघावा. खेळ पालटतो तो क्लस्टरमुळे. एकाच हत्यारात १२ पिना बसवल्या की ठोके होतात सुमारे ४,४००. वेग उतरवून मिनिटाला २०० धरला तरी पंचवीस मिनिटांच्या आत शीट तयार. या पिना शेजारी-शेजारी ठेवत नाहीत. मध्ये जागा सोडून मारतात आणि पुढच्या ठोक्यात मधली जागा भरतात, कारण चिकटून ठेवल्या तर डायची भिंतच उरत नाही.

किती पिना घालायच्या ते यंत्राच्या टनेजवर, म्हणजे ते किती टन जोर लावू शकतं त्यावर ठरतं. परिघ गुणिले जाडी गुणिले पत्र्याची कातरताकद असा हिशेब आहे. साध्या पोलादाची ही ताकद चौरस मिमीला सुमारे ३५० न्यूटन धरा. आपल्या ५ मिमी भोकाला ८,२०० न्यूटनच्या वर, म्हणजे ८४० किलोच्या आसपास जोर लागतो. बारा पिनांना १० टन झाले, २० टनाच्या यंत्रावर निवांत. स्टेनलेस असेल तर हाच आकडा साधारण दीडपट होतो, तेव्हा पिना कमी करा.

आता पंचच्या मर्यादा. साध्या पोलादात भोकाचा व्यास पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी नको, स्टेनलेसमध्ये तर दीड-दोनपट हवा, नाहीतर पंच मोडतो. जाड पत्र्यात बारीक भोकं हवी असतील तर वेग कमी करून का होईना, लेसरच करेल. दुसरी अडचण फुग्याची. हजारो ठोके खाल्लेल्या पत्र्यात ताण साठतो आणि शीट टेबलावरून काढली की कमान टाकते. ठोक्यांचा क्रम जपून लावला तर फुगा कमी होतो, पण दाट जाळी शेवटी रोलर लेव्हलरमधून (पत्रा सपाट करणाऱ्या रोलरांच्या यंत्रातून) काढावीच लागते, आणि तो खर्च कोटेशनमध्ये आधीच धरावा. लेसरमध्येही उष्णतेने पत्रा ओढला जातो, पण पसरट मांडणीत तो त्रास कमी.

भोक पडल्यावर त्याचं पुढे काय होणार, हे फार थोडे लोक सांगतात. लेसरच्या किरणाबरोबर गॅसचा झोत सोडतात. ऑक्सिजनवर कापलेल्या कडेवर ऑक्साइडचा थर राहतो. त्यावर पावडर कोटिंग केलं तर काही महिन्यांनी कडेचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. नायट्रोजनवर कापलं की कड स्वच्छ मिळते, गॅसचा खर्च मात्र वाढतो. कापलेली कड थोडी कडकही होते. एकदा आमच्याकडे लेसरवर पाडलेल्या भोकांत आटे पाडायचे होते आणि एका दुपारीत चार टॅप मोडले. त्यानंतर असा जॉब आला की आम्ही भोक लेसरवर लहान पाडतो आणि ड्रिलने मापाला आणतो. पंचवर ही कटकट नसते. उलट त्याच यंत्रावर झरोक्याच्या पापण्या उचलता येतात, स्क्रूचं डोकं बसायला काठ दाबता येतो, भोकाची कड वर ओढून आट्यांना जास्त जाडी देता येते. लेसरला यातलं काहीच जमत नाही.

मी स्वतः असं ठरवतो: दहा-पाच शीट, मापं दरवेळी वेगळी, भोकांचे आकार विचित्र किंवा पत्रा जाड असेल तर लेसर. एकच जाळी पुन्हा पुन्हा, पातळ पत्रा, गोल किंवा लांबट भोक असेल तर पंच. आणि नेहमीचाच व्यास, नेहमीचंच अंतर, शेकडो शीट लागणार असतील तर दोन्ही सोडा. मोठ्या परफोरेटिंग प्रेस एका ठोक्यात ओळच्या ओळ मारतात. तशी तयार जाळी बाजारातून आणून मापाला कापणं सगळ्यात स्वस्त.

काही भोकं मात्र या दोघांच्याही हाताबाहेरची असतात. साखर कारखान्यातल्या अखंड चालणाऱ्या सेंट्रिफ्युगलची, म्हणजे गरगर फिरून साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या यंत्राची, जाळी बघा. साखरेचे कण अडवून मळी बाहेर सोडायची, म्हणून तिच्या फटी मिमीच्या शंभराव्या भागांत मोजतात, ०.०६ मिमी वगैरे. तिथे भोक पाडतच नाहीत. विजेच्या साहाय्याने निकेलचा थर चढवताना फटींच्या जागा रिकाम्या ठेवतात आणि जाळी भोकांसकट वाढवतात.

चाळणीचं ड्रॉइंग पाठवणार असाल तर व्यास आणि अंतराबरोबर तीन गोष्टी त्यावर लिहा: असे नग वर्षाला किती लागतील, त्यावर रंग चढणार का, आणि दाणा कोणत्या बाजूने पडणार. त्या बाजूला बाण काढून ‘बर खाली’ असं लिहिलंत तर शीट यंत्रावर ठेवतानाच ऑपरेटर ती बरोबर बाजूने ठेवेल.