नळीवरचा चिकट थर आणि अनुदानाचा पैसा

गंभीर आजारांवरच्या संशोधनाला मोठं अनुदान मिळाल्याची बातमी आली, की आता नवं औषध येणार, असं आपण धरूनच चालतो. पण आहेत तेच उपचार रुग्णापर्यंत धडपणे पोचवणं हाही संशोधनाचाच विषय आहे, आणि त्यावरचा पैसा भरपूर जीव वाचवू शकतो.

अतिदक्षता विभागात रुग्णाच्या मानेतून किंवा छातीतून मोठ्या शिरेत नळी घालतात, ती सेंट्रल लाइन. तिच्यामुळे कातडीला पडलेलं भोक म्हणजे जंतूंना आयती वाट. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा एरवी कातडीवर निमूट राहणारा जीवाणू नळीच्या बाहेरच्या अंगाने आत सरकतो, प्लास्टिकला चिकटतो आणि स्वतःभोवती शर्करेच्या लांब साखळ्यांचं बुळबुळीत आवरण तयार करतो. हीच बायोफिल्म. तिच्या तळाशी ऑक्सिजन आणि अन्न जेमतेम पोचतं, त्यामुळे तिथले जीवाणू वाढायचे थांबून सुस्त पडून राहतात. पेनिसिलीनच्या कुळातली औषधं जीवाणूची पेशीभित्तिका बांधली जात असतानाच घाव घालतात. वाढच थांबली असेल तर औषधाला पकड मिळत नाही. डोस संपला की थरातून सुटे जीवाणू पुन्हा रक्तात. म्हणून अनेकदा नळीच काढावी लागते. खरा उपाय थर बसण्याआधीचाच.

अतिदक्षता विभागातले डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्ट यांनी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात नेमकं तेच केलं. हात धुणं, पूर्ण निर्जंतुक आवरण, क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाने त्वचा पुसणं, जांघेतली शीर टाळणं, गरज संपताच नळी काढणं. एवढीच यादी, मात्र एखादी पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवायचा अधिकार नर्सला. पैसा सरकारी आरोग्य-गुणवत्ता संस्थेचा. २००६ साली निष्कर्ष छापून आले: १०३ अतिदक्षता विभागांत संसर्गाचं सरासरी प्रमाण दर १००० नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी, म्हणजे एक नळी-दिवस) ७.७ होतं, ते दीड वर्षात १.४ वर आलं.

मात्र ‘यादीची जादू’ म्हणून जो गाजावाजा झाला, तो मला पटत नाही. या अभ्यासात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. पुढे इंग्लंडमध्ये विभाग टप्प्याटप्प्याने सामील करून घेतले, तेव्हा ज्यांची पाळी यायची होती तिथेही संसर्ग घटताना दिसला. यादी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. घट मुळातच चालू असेल, तर श्रेय नेमकं कशाला द्यायचं हे तुलनेशिवाय कळत नाही. म्हणून अनुदानाच्या अर्जात ‘सेवा सुधारू’ एवढंच लिहून भागत नाही. काय मोजणार, कोणाशी ताडून पाहणार, रोज नळी-दिवसांची नोंद ठेवणाऱ्या नर्सला त्यासाठी वेळ कुठून मिळणार आणि अनुदान संपल्यावर तिचा पगार कोण देणार, हेही त्यात असायलाच हवं.