कार्बन डायऑक्साइडपासून प्लॅस्टिक

कार्बन डायऑक्साइडचे रेणू दुसऱ्या एखाद्या क्रियाशील संयुगाबरोबर साखळीत गुंफून केलेली बहुवारिके (पॉलिमर). त्यांतले सर्वाधिक अभ्यासले गेलेले प्लॅस्टिक म्हणजे पॉलिप्रॉपिलीन कार्बोनेट, अर्थात पीपीसी.

कार्बन जळून गेल्यावर उरतो तो कार्बन डायऑक्साइड. त्यात खर्चायला ऊर्जा शिल्लक नसते, त्यामुळे ती जोडीदाराला आणावी लागते. हा जोडीदार बहुधा इपॉक्साइड असतो. दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन एवढ्या तीनच अणूंचे त्याचे वलय वाकवून बांधलेल्या कामटीसारखे ताणलेले असते आणि संधी मिळताच उघडते. टोकियो विद्यापीठात शोहेई इनोउए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये डायएथिल झिंक आणि पाणी यांच्या उत्प्रेरकाने प्रॉपिलीन ऑक्साइड व कार्बन डायऑक्साइड यांची साखळी करून दाखवली. जस्ताला धरलेले साखळीचे टोक आधी कार्बन डायऑक्साइड घेते, ते नवे टोक इपॉक्साइडचे वलय फोडते, मग पुन्हा कार्बन डायऑक्साइडची पाळी येते. तो पहिला उत्प्रेरक फार संथ होता. पुढे जस्त, कोबाल्ट आणि क्रोमियम यांची नेमकी घडवलेली संयुगे आली, तेव्हा वेग आणि शिस्त दोन्ही सुधारले. तापमान वाढले की मात्र साखळी लांबण्याऐवजी टोक स्वतःवरच वळते आणि प्रॉपिलीन कार्बोनेट हा पाच अणूंच्या वलयाचा द्रव तयार होतो. लिथियम बॅटरीत द्रावक म्हणून तो उपयोगी आहे, पण तो प्लॅस्टिक नव्हे.

पीपीसीच्या वजनात कार्बन डायऑक्साइडचा वाटा सुमारे ४३ टक्के असतो. उरलेला भाग प्रॉपिलीन ऑक्साइडचा, आणि तो आजही मुख्यतः खनिज तेलातूनच येतो. ‘हवेतून बनलेले प्लॅस्टिक’ हे वर्णन म्हणूनच दिशाभूल करणारे आहे. खनिज तेलाची बचत हा याचा खरा लाभ आहे आणि तो लहान नाही.

पीपीसी पारदर्शक व अस्फटिकी असते. त्याची घनता पाण्यापेक्षा जास्त आहे, त्यामुळे पॉलिथीनचा तुकडा पाण्यावर तरंगतो तर याचा बुडतो. ऑक्सिजनला ते चांगले अडवते, म्हणून वेष्टनासाठी त्याचा विचार होतो. त्याची मोठी अडचण काचसंक्रमण तापमानाची, म्हणजे ज्याच्या वर ताठ प्लॅस्टिक मऊ पडते त्या तापमानाची आहे. हे तापमान साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअस असते. गार खोलीत ताठ असणारा पत्रा आपल्याकडच्या उन्हाळ्यात मऊ पडतो आणि गठ्ठ्यातले पत्रे एकमेकांना चिकटू लागतात. त्यामुळे पीपीसी एकटे क्वचित वापरतात. पॉलिलॅक्टिक आम्लासारख्या दुसऱ्या बहुवारिकांत ते मिसळतात.

सुमारे २०० अंशांच्या पुढे साखळी टोकाकडून उसवत जाते आणि तोच वलयी द्रव, म्हणजे प्रॉपिलीन कार्बोनेट, मोकळा होतो. साचेकामात हा दोष ठरतो, म्हणून टोके रासायनिक टोपी घालून बंद करतात. सिरॅमिकच्या कामात मात्र हाच गुण आहे. चूर्ण बांधून ठेवायला पीपीसी घालतात आणि भट्टीत ते जवळजवळ काहीही राख न ठेवता निघून जाते.

मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन वेगळ्या वाटांनी झाले. जपानच्या असाही कासेई कंपनीच्या पद्धतीने तैवानमध्ये २००२ पासून नेहमीचे कडक पॉलिकार्बोनेट फॉस्जीनशिवाय बनू लागले. त्यातला कार्बोनिल गट, म्हणजे दुहेरी बंधाने जोडलेले कार्बन आणि ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइडमधून येतो. फॉस्जीन हा अतिविषारी वायू आहे, आणि भोपाळच्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेट त्याच्यापासूनच तयार होत असे. तो टाळता येणे ही माझ्या मते वाचवलेल्या कार्बनपेक्षाही मोलाची गोष्ट आहे. जर्मनीत डोर्मागेन येथे कोवेस्ट्रो कंपनीने २०१६ मध्ये वर्षाला ५,००० टन क्षमतेचा कारखाना सुरू केला. तेथील पॉलिऑलमध्ये, म्हणजे फोमच्या एका कच्च्या मालात, कार्बन डायऑक्साइड २० टक्क्यांपर्यंत असतो आणि त्यापासून गाद्यांचा फोम होतो. फोमसाठी लागणारे आयसोसायनेट मात्र अजून फॉस्जीनमार्गेच येते.

जोडीदार बदलला की प्लॅस्टिकचा स्वभावही बदलतो. एथिलीन ऑक्साइड घेतले तर कार्बन डायऑक्साइडचा वाटा ५० टक्के होतो, पण पदार्थ आणखी मऊ पडतो. सायक्लोहेक्झीन ऑक्साइडने काचसंक्रमण तापमान ११५ अंशांच्या आसपास जाते, पण पदार्थ ठिसूळ बनतो. संत्र्याचे साल वाकवले की जे झोंबणारे तेल उडते ते बहुतांश लिमोनीन असते. त्याचे ऑक्साइड वापरून केलेले पॉलिलिमोनीन कार्बोनेट सुमारे १३० अंशांपर्यंत ताठ राहते, आणि त्याच्या प्रत्येक एककात एक दुहेरी बंध शिल्लक असल्यामुळे पुढे त्यावर हवे ते गट जोडता येतात.