माळ्यावरच्या जुन्या चेनसॉ आणि अस्सलपणाचा वाद

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला कोकण किनाऱ्यावर धडकलं आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. आंबा, सुपारी, नारळ, सगळं आडवं झालं. वाटा मोकळ्या करायला जे हाताला लागेल ते मशीन बाहेर निघालं. माळ्यावर, वखारीच्या मागे, पडवीत पोत्याखाली पडलेल्या जुन्या चेनसॉंना, म्हणजे दातेरी साखळीने लाकूड कापणाऱ्या यंत्रांना, तेव्हा पुन्हा पेट्रोल मिळालं. काही चालू झाल्या, आणि मशीन नेमकं कोणतं, कधीचं, अस्सल की नक्कल, या चर्चेला ऊत आला.

आपल्या माळ्यावरच्या या यंत्रांचा आरंभ जर्मनीतल्या श्टील (Stihl) कंपनीतला. तिची १९२६ची विजेवर चालणारी चेनसॉ ६४ किलोंची होती, ती धरायला दोन माणसं लागत. १९२९मध्ये तिची पेट्रोलवरची आली, तीही दोघांचीच. साखळीला आजच्यासारखा दात मिळाला तो १९४७च्या सुमारास. अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या एका लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून तो घडवला. एकट्याने चालवायची श्टीलची १६ किलोंची चेनसॉ १९५०ची. एकट्याने म्हणायला ठीक, ती खांद्यावर घेऊन कातळाचा सडा उतरणाऱ्याला विचारा.

आपल्या कामाचा इतिहास १९५९पासूनचा. त्या वर्षी श्टीलचं कॉन्ट्रा हे मॉडेल आलं. मधला गिअर काढून टाकलेला, इंजिनची ताकद थेट साखळीला, ६ हॉर्सपॉवर, वजन १२ किलो. साठच्या दशकाच्या अखेरीस तिच्याच घराण्यात ०७० आणि थोरली ०९० आली. जाड, कडक लाकडाच्या मुलखांत ही मॉडेल पुढे कित्येक वर्षं खपली. साखळी झटक्यात थांबवणारा चेन ब्रेक सत्तरच्या दशकात रुळला, या मशीनना तो नाही. बार, म्हणजे साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी, उसळला तर थांबवणारं काही नाही, हे चालवणाऱ्याने पक्कं लक्षात ठेवावं.

ओळखताना रंगावर जाऊ नये, नारिंगी पत्रा कुणीही रंगवतो. सिलिंडर उतरवून व्हर्नियर कॅलिपरने माप घ्यावं. कॉन्ट्रा आणि ०७०, दोघींचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४० मिमी, म्हणजे १०५.७ सीसी. ०९०चा स्ट्रोक तोच, पण बोअर ६६, म्हणून ती १३६.८ सीसीची. ०७० आणि ०९०च्या मूळ भागांचा नंबर ११०६ने सुरू होतो आणि बऱ्याच भागांवर तो ओतीवच असतो. साखळीचा पिच, म्हणजे कड्यांमधलं माप, काढायला लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजून निम्मं करायचं. तो साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकाशी (स्प्रॉकेटशी) जुळला नाही, तर साखळी आधीच्या मालकाने कुठून तरी आणून चढवली आहे.

खरा घोळ चिनी नकलांनी घातला. ०७०ची नक्कल दिसायला हुबेहूब, वर तिचा सिलिंडर, पिस्टन, कार्बोरेटर जुन्या बॉडीवर बसतो. सिलिंडरला ओरखडे दिसले की मिस्त्री नव्या सिलिंडर-पिस्टनचा किट टाकून मोकळा होतो. त्याचं चुकत नाही, गिऱ्हाईक दारात उभं असतं. पण मग तेच मशीन ‘जर्मन, जुनं, ओरिजिनल’ म्हणून विकायला निघतं. एक गट म्हणतो, बॉडी मूळ तर मशीन मूळ. दुसरा म्हणतो, सिलिंडर आणि ठिणगी देणारी कॉइल गेली तर उरलं काय?

मी पहिल्या गटातला, पण अट घालून: काढलेला भाग भंगारात न देता मशीनबरोबर द्यायचा आणि बदल सांगून विकायचं. मुळात किट टाकायची घाई नको. ओरखडा वाटतो तो पुष्कळदा पिस्टनचं चिकटलेलं ॲल्युमिनियम असतं. सिलिंडर बॉडीवरून सुटा करून कापसाच्या बोळ्याने जपून ॲसिड लावलं की ते फसफसून उतरतं आणि खालचं क्रोमचं अस्तर बहुतेकदा शाबूत निघतं. क्रोमच उडाला असेल तर मात्र ॲसिड सिलिंडरलाच खातं, तिथे नवा किट घ्यावा.

ठिणगीची वेळ साधणाऱ्या सीबी पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल घालण्यावरही अशीच भांडणं होतात. पावसाळ्यात पॉइंट काळे पडतात, जुन्या स्कूटरचा मिस्त्री पॉलिश पेपर मारून ते जागेवर आणतो. असा मिस्त्री जवळपास उरला नसेल तर मॉड्यूल बसवावं. पॉइंट आत तसेच राहू दिले तर पुन्हा मागे फिरता येतं, त्यात पाप नाही. पाप आहे ते बॉडी वाळूच्या फवाऱ्याने चकचकीत करण्यात. ती मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते. खाऱ्या हवेत स्टीलच्या स्क्रूभोवती पांढरी भुकटी धरते आणि एकदा रंग उडाला की वेंगुर्ल्यासारख्या ठिकाणी ती किती टिकणार?

चाचणीसाठी उभा आंबा, फणस, ऐन वा किंजळ गाठू नये, महाराष्ट्राच्या १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत ही झाडं आहेत. पडलेला ओंडका पुरे.

ताजी डोकेदुखी पेट्रोलची. फेब्रुवारी २०२३पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि आता तेच सर्रास मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुने रबरी पाइप मऊ करतं आणि कार्बोरेटरचा डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचिक पडदा, कडक करतं. जुलैमध्ये आठवडाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल बाटलीत ओतून बघावं, पाणी वेगळं होऊन तळाशी बसलं असेल तर ते मशीनमध्ये परत घालू नये. काम संपल्यावर टाकी रिकामी करायची आणि कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल मशीन बंद पडेपर्यंत जाळायचं.