कानाची पाळी आणि गुरूचं नाव

‘गवई मैफिलीत कानाला हात लावतो, म्हणजे सूर चुकल्याची माफी मागतो,’ असं फॉरवर्डमधून वर्षानुवर्षं फिरतंय. कान धरून माफी मागायची आपली सवयच असल्याने ते पटतंही. पण हात नेमका कधी जातो, ते पाहा.

कुठलंही जुनं ध्वनिचित्रण लावा. गायक म्हणतो, ‘ही बंदिश मला गुरुजींकडून मिळाली,’ आणि ‘गुरुजी’ म्हणतानाच बोटं कानाच्या पाळीला टेकतात. अजून षड्जही लागलेला नसतो, मग चूक कुठली? सतारिये, तबलजीही हेच करतात. थोरांचं नाव आपल्या तोंडी येतंय, याची ती अदब आहे. क्षमा असलीच तर त्या धाडसाची. मला तर मैफिलीतला हा क्षण फार जवळचा वाटतो: समोर भरलेलं सभागृह, आणि गाणारा क्षणभर पुन्हा शिष्य.

गाताना तळव्याने कान झाकणं मात्र निराळं. त्याने बाहेरचा आवाज कमी होतो, स्वतःचा सूर आतून मोठा ऐकू येतो. एका कानात बोट घालून ‘सा’ गुणगुणा, लगेच कळेल.