सुवाल्की गॅप

सुवाल्की गॅप म्हणजे पोलंड आणि लिथुएनियाच्या बॉर्डरवरचा एक चिंचोळा पट्टा. एका टोकाला रशियाचा कालिनिनग्राद प्रांत, दुसऱ्या टोकाला रशियाचा मित्रदेश बेलारूस, आणि दोघांमधलं सरळ अंतर फक्त ६५ किलोमीटरच्या आसपास. लिथुएनिया, लाटविया आणि एस्टोनिया या तीन बाल्टिक देशांना बाकीच्या नाटोशी जमिनीवरून जोडणारी वाट एवढी एकच, ती बंद झाली की तिघांना मदत पोचवायची ती समुद्रातून नाहीतर विमानाने. आपल्याकडे सिलिगुडीच्या चिकन नेकची जी धास्ती असते तसलीच ही, फक्त सिलिगुडीचा पट्टा एकाच देशाचा आहे, हा दोन देशांत वाटलेला.

नाव पडलं ते ईशान्य पोलंडमधल्या सुवाल्की गावावरून. तळी, जंगल, चढउतार, मधूनमधून दलदल, आणि थंडी अशी की पोलंडमधलं सगळ्यात गार शहर म्हणून हे ओळखलं जातं. बाकी शांत एरिया आहे, लोक सुट्टीला येतात, बोटी वल्हवतात. ‘गॅप’ हा शब्द साधारण २०१५ पासून चालू झाला, एस्टोनियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष तोमास हेन्ड्रिक इल्वेस यांनी जर्मनीच्या तेव्हाच्या संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांच्यासमोर हा मुद्दा मांडला होता असं सांगतात. आदल्याच वर्षी रशियाने क्रिमिया घेतलेला, त्यामुळे शब्द पटकन उचलला गेला.

मुळात हा गुंता झाला कसा, तर कालिनिनग्राद म्हणजे जुनं जर्मन कोनिग्सबर्ग, तत्त्वज्ञ कांटचं गाव. दुसऱ्या महायुद्धानंतर ते सोव्हिएत युनियनकडे गेलं आणि १९४६ मध्ये नाव बदललं. तोवर ठीक होतं कारण शेजारचा लिथुएनियाही सोव्हिएतच, पण तो स्वतंत्र झाला आणि कालिनिनग्राद मुख्य रशियापासून तुटून एकटं पडलं. १९९६ मध्ये बेलारूसमधून पोलंडमार्गे कालिनिनग्रादपर्यंत कॉरिडॉर काढायची रशियन आयडिया पुढे आली तेव्हा पोलंडमध्ये प्रचंड आरडाओरडा झाला, आणि तो व्हायचाच होता. या भागाने १९४५ च्या जुलैमध्ये आउगुस्तुफची धरपकड पाहिलेली आहे, सोव्हिएत सैन्याने उचलून नेलेली जवळपास ६०० माणसं परत आलीच नाहीत. त्याआधी १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधून लाखो लोक सायबेरिया आणि कझाकस्तानकडे हाकलले गेले होते, त्यातलेच काही हजार पुढे कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या कॅम्पात १९४८ पर्यंत राहून गेले. पोलिश माणूस रशियाबद्दल इतका कडक का बोलतो हे कोल्हापूरकरांना तरी वेगळं सांगायला नको.

आता लष्करी हिशोब. २०१६ मध्ये रँड या अमेरिकन थिंक टँकने वॉरगेम खेळून सांगितलं की रशियन फौजा ३६ ते ६० तासांत ताल्लिन (एस्टोनियाची राजधानी) आणि रिगा (लाटवियाची राजधानी) यांच्या वेशीवर पोचू शकतात. त्याच वर्षी वॉर्सा समिटमध्ये नाटोने या भागात चार बॅटलग्रुप, म्हणजे वेगवेगळ्या देशांच्या सैनिकांच्या एकत्र तुकड्या, ठेवायचं ठरवलं, लिथुएनियात जर्मनीच्या नेतृत्वाखाली, पोलंडमध्ये अमेरिकेच्या. पण नकाशावर लाल बाण काढून घाबरवणाऱ्यांचं एक चुकतं, कोंडी दोन्हीकडून आहे. कालिनिनग्रादमध्ये इस्कंदर क्षेपणास्त्रं आहेत, बाल्टियस्कला बाल्टिक फ्लीटचा तळ आहे, सगळं खरं, पण तो प्रांत स्वतः नाटो देशांच्या मधोमध अडकलाय आणि फिनलंड २०२३ मध्ये, स्वीडन २०२४ मध्ये नाटोत आल्यावर बाल्टिक समुद्रातही रशियाला मोकळं फिरणं अवघड झालंय.

जून २०२२ मध्ये हे उलटं टोक दिसलंच. युरोपियन युनियनच्या निर्बंधांप्रमाणे लिथुएनियाने स्टील वगैरे माल रेल्वेने कालिनिनग्रादला जाऊ द्यायचं थांबवलं, मॉस्कोने ‘ब्लॉकेड’ म्हणून धमक्या दिल्या, आणि पुढच्याच महिन्यात ब्रसेल्सने, म्हणजे युनियननेच, खुलासा काढला की रेल्वेने जाऊ द्या, फक्त तपासा. नियम युनियनचा, राबवला एका छोट्या देशाने, आणि ताण आल्यावर तोच नियम सैल केला गेला. रणगाड्यांपेक्षा युरोपची खरी कमजोर जागा हीच आहे, निर्णय कोणाचा आणि शेवटपर्यंत टिकणार का.

बाल्टिक देशांना बाकीच्या युरोपशी जोडून घ्यायचं शिवणकाम मात्र जोरात चालू आहे. पोलंड-लिथुएनिया गॅस पाइपलाइन २०२२ मध्ये सुरू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिन्ही बाल्टिक देशांनी रशिया-बेलारूसच्या वीज ग्रिडमधून बाहेर पडून युरोपची ग्रिड पकडली, आणि ती जोडणारी लिटपोल लिंक ही लाइन याच पट्ट्याच्या भागातून जाते. रस्ताही आता मोठा झालाय. रेल्वेचं दुखणं जुनं आहे, बाल्टिकमधले बहुतेक रूळ १५२० मिलिमीटर रुंदीचे आणि पोलंडचे १४३५, म्हणजे रणगाडे भरलेली गाडी थेट रिगापर्यंत नेता येत नाही, मध्ये सामान बदला. सलग १४३५ चे रूळ टाकायचा रेल बाल्टिका प्रोजेक्ट त्यासाठीच आहे पण तो रखडत रखडत चाललाय.

सैन्याच्या बाजूने मोठी गोष्ट म्हणजे जर्मनीची ४५ वी पँझर (रणगाड्यांची) ब्रिगेड, जी मे २०२५ मध्ये लिथुएनियाच्या राजधानीत, विल्नियसला, रीतसर उभी राहिली. २०२७ पर्यंत साधारण ५००० माणसं तिथे कायमची असतील, दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीने परदेशात असं पहिल्यांदाच केलंय.

तरी रोजची डोकेदुखी वेगळीच आहे. २०२१ मध्ये बेलारूसने मिडल ईस्टमधून आणलेली माणसं बॉर्डरवर ढकलली, पोलंडने साडेपाच मीटर उंच कुंपण घातलं. २०२३ मध्ये वॅग्नर या रशियन खाजगी फौजेचे भाडोत्री सैनिक बेलारूसमधल्या ग्रोदनोच्या दिशेने सरकल्याची बातमी पोलिश पंतप्रधानांनीच दिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये बेलारूसकडून सिगारेटी घेऊन येणाऱ्या फुग्यांमुळे विल्नियस एअरपोर्ट पुन्हा पुन्हा बंद पडलं आणि लिथुएनियाने वैतागून बेलारूसची बॉर्डर काही आठवडे बंद ठेवली. फुग्यासाठी नाटोचं कलम ५, म्हणजे एकावर हल्ला तो सगळ्यांवर हल्ला, लावायचं का? नाही लावता येत, आणि हे मिन्स्कला, म्हणजे बेलारूस सरकारला, पक्कं माहिती आहे. गंमत म्हणजे बेकायदा बॉर्डर ओलांडणाऱ्या माणसांच्याच प्रश्नावरून पोलंडने जुलै २०२५ मध्ये लिथुएनियाच्या बॉर्डरवरही पुन्हा तपासणी सुरू केली, म्हणजे जी वाट उघडी राहावी म्हणून एवढा आटापिटा चाललाय तिथेच दोन मित्रदेशांमध्ये गाड्या थांबवून कागद बघणं सुरू झालं.